शिकारीचा कोट

कोटाच्या खिशात नानासाहेबांनी तांब्याभर पाणी ओतलं, खिशाचं तोंड चिमटीत आवळलं आणि तो फुगलेला खिसा माझ्या नाकासमोर आणून हलवला.

"बघा तेंडोलकर! थेंब तरी गळतोय का?"

गळत नव्हता. खिसा शेळीच्या कासेसारखा लोंबत होता आणि खालून ठणठणीत कोरडा होता.

"दोन पावसाळे काढलेत ह्यानं. आतून हात लावून बघा. लाजू नका, तुमचाच माल आहे."

मी आत हात घातला. अस्तर कोरडं, किंचित ऊबदार. रबराचा, तंबाखूचा आणि जुन्या घामाचा मिसळलेला वास माझ्या हाताला लागला. नानासाहेब राजगोळकर खुशीत माझ्या तोंडाकडे बघत होते. बाहेर चंदगडचा पाऊस कौलांवर कोसळत होता आणि सोप्यात आम्हा दोघांना एकमेकांशी ओरडूनच बोलावं लागत होतं.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. मुंबईला एका लहानशा रेनकोटच्या कारखान्यात कामाला होतो. आमचे मालक विष्णुपंत सबनीस. बाजारात तेव्हा मेणकापडाचे हलके रेनकोट येत. एका पावसात काखेत फाटत, दुसऱ्या पावसात चिकटून बसत. मालकांच्या डोक्यात दुसरंच होतं. रानात फिरणाऱ्या माणसासाठी त्यांनी एक कोट तयार केला होता. जाड ताडपत्रीचं कापड, त्याला आतल्या बाजूनं रबराचा लेप, दुहेरी शिवण, आणि प्रत्येक शिवणीवर आतून चिकटवलेली रबराची पट्टी. त्यातला एक नमुना त्यांनी ओळखीतून राजगोळकरांकडे पाठवला होता, कारण असा शिकारी त्या भागात दुसरा नव्हता. कोट बाजारात आणण्याआधी तो रानात किती टिकतो हे डोळ्यांनी बघून ये, म्हणून मालकांनी मला पाठवलं होतं. बरोबर एक कॅमेरा दिला होता आणि माझ्या अंगासाठी एक नवा कोरा कोट.

मला त्या कोटाचा अभिमान होता, हे आधीच सांगतो. कारखान्यात त्याचं कापड मी विटेनं घासलं होतं, उन्हात तापवलं होतं, शिवणीला वजनं टांगली होती. माझ्या हातून पहिल्यांदाच काहीतरी धड घडत होतं. मालक मला मुलासारखं वागवत. माझ्या परीक्षेची फी त्यांनीच भरली होती, आणि शनिवारी त्यांच्याकडेच जेवायचं असा वहिनींचा दंडक होता.

"उद्या दाखवतो तुम्हाला," नानासाहेब खिशातलं पाणी अंगणात फेकत म्हणाले. "कोरजाईच्या दरीत डुक्कर माजलंय. धनगरांची सगळी रताळी उकरून खाल्लीत. रोज कोणी ना कोणी रडत येतंय. चला तुम्ही. कोट कशाशी खातात ते कळेल."

शिकारीला आजच्यासारखी बंदी नव्हती तेव्हा. नानासाहेबांकडे पिकाच्या राखणीसाठी दुनळी बंदुकीचा परवाना होता आणि तेवढं कारण त्यांना वर्षभर पुरत असे.

सकाळी आम्ही जीपनं ओढ्यापर्यंत गेलो. जीप अलीकडं ठेवली. रान उठवणारी माणसं तिथं उभीच होती, सात-आठ धनगर, प्रत्येकाच्या डोक्यावर घोंगडीची खोळ. त्यांच्यातला म्हातारा भैरू पुढं होऊन नानासाहेबांना वाकला. त्याच्यामागं त्याचा पुतण्या जानू लांबोरे. त्याचीच रताळी गेली होती. तिशीचा, हडकुळा, वरचे दात पुढं आलेले, त्यामुळं गंभीर असला तरी हसल्यासारखा दिसायचा. माझी पिशवी त्यानं न विचारता खांद्याला लावली.

ओढा गुडघाभर होता. तो ओलांडून आम्ही चढू लागलो. करवंदीच्या आणि शिकेकाईच्या जाळ्या वाटेवर आडव्या आल्या होत्या. नानासाहेब मुद्दाम त्यांच्यातून घुसायचे, काटे कोटावरून करकरत जायचे, आणि ते मागं वळून मला भुवई उडवून दाखवायचे. मीही तसंच करून बघितलं. खरंच ओरखड्यापलीकडं काही होत नव्हतं.

"साहेब, थांबा जरा," जानू मागून म्हणाला. "मानंवर जळू हाय तुमच्या."

मी मान झटकायला लागलो तसा त्यानं माझा हात धरला. कनवटीचा चुना बोटावर घेऊन लावला आणि ती काळी, टम्म फुगलेली जळू दगडावर पडली. मला शिसारी आली.

"कोटातनं कशी आत शिरली?"

"ती कुटनंबी शिरतीया," तो हसला. "तुमी लई चालताय, साहेब. मुंबईची मानसं बसून घेत्यात म्हनं."

"तुझं घोंगडं भिजून जड होत नाही?"

"हुतंय की. दुपारपतुर खांदं मोडत्यात. पर थंडी न्हाई वाजत." मग त्यानं माझ्या बाहीवर बोट घासलं, बोट हुंगलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. "ह्याला वास कसला येतोय, ओ?"

"रबराचा."

"आमची पोरगी रडंल ह्या वासानं," तो म्हणाला आणि पुढं चालू लागला.

दरीच्या तोंडाशी एका खडकाआड नानासाहेब आणि मी उभे राहिलो. माणसं वळसा घालून वरच्या अंगाला गेली. बऱ्याच वेळानं वरून आरडाओरड, डब्यांचा खणखणाट सुरू झाला. पावसात तो आवाज फुटून कुठूनही येत होता. नानासाहेब कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून, बंदुकीच्या चापावर पाणी पडू नये म्हणून कोटाचा पदर तिच्यावर धरून उभे होते. त्यांचा चेहरा शांत, जवळजवळ देखणा दिसत होता.

डुक्कर आलं ते एकदम. जाळी फुटली आणि चिखलानं माखलेलं धूड खाली सुटलं. पहिला बार त्याच्या मागच्या अंगात बसला. ते कोलमडलं, उठलं आणि आमच्याकडं न येता गर्रकन वळून आलं त्याच वाटेनं वर पळालं, माणसांच्या अंगावर. दुसरा बार नानासाहेबांनी धावत्या डुकरावर टाकला. मग वरून एक ओरडा आला. तो डुकराचा नव्हता.

आम्ही वर पोचलो तर डुक्कर एका घळीत आडवं पडलं होतं, अजून पाय झाडत होतं. त्याच्या पलीकडं, दहा-बारा पावलांवर, माणसांचा घोळका ओणवा झाला होता. नानासाहेब आधी डुकराकडं गेले. बुटाच्या टोकानं त्याचा जबडा उघडला, सुळ्यावर अंगठा फिरवला.

"वा! असले दात गेल्या कैक वर्षांत बघितले नव्हते."

"नानासाहेब, तिकडं माणूस पडलाय," मी म्हणालो.

"बघतोय ना."

जानू उताणा पडला होता. डुकराच्या सुळ्यानं उजवी मांडी आतल्या बाजूनं, जांघेपासून गुडघ्यापर्यंत, फाडली होती. पावसाचं पाणी त्यात पडत होतं. भैरूनं आपलं मुंडासं सोडून वरून आवळून बांधलं. ते पांढरं कापड बघता बघता लाल झालं. जानू शुद्धीवर होता. दात तसेच पुढं आलेले, त्यामुळं तेव्हाही तो हसतोय असंच वाटत होतं.

"जीपपर्यंत न्यायला हवं, लगेच," मी म्हणालो. "चंदगडला डॉक्टर आहे ना?"

"आहे की." नानासाहेबांचे डोळे चमकले. त्यांनी आपल्या कोटाची बटणं सोडायला सुरुवात केली. "ह्याच्यावर घ्या त्याला. चौघांनी चार टोकं धरा. तेंडोलकर, लक्ष ठेवा. तुमच्या शिवणीची आज परीक्षा आहे."

मला ते शब्द त्या घटकेला नीट ऐकूच आले नाहीत. कोट मिळाला, एवढंच कळलं. आम्ही जानूला त्यावर सरकवलं. चौघांनी बाह्या आणि घेर मुठीत धरून उचलला. मी मांडीवरचं मुंडासं दाबून धरत बरोबर चाललो. नानासाहेब बनियनवर भिजत, बंदूक खांद्याला टाकून, आमच्या बाजूनं उतरत होते. मधून मधून वाकून कोटाच्या काखेखाली बघत होते. नंतर आठवलं, ती शिवण सगळ्यात आधी उसवते असं मीच त्यांना आदल्या रात्री सांगितलं होतं.

ओढ्यापाशी आलो आणि सगळे थांबले. गुडघाभर असलेलं पाणी मांडीला आलं होतं, आणि तांबडं झालं होतं.

"खाली ठेवा त्याला," नानासाहेब म्हणाले. "आधी डुक्कर आणा."

मला वाटलं, ते चेष्टा करताहेत.

"पाणी चढतंय," ते समजावण्याच्या सुरात म्हणाले. "डुक्कर तिकडं राहिलं तर रात्रीत कोल्हे फाडतील. एवढं जनावर परत मिळायचं नाही. सगळे हात लागतील त्याला. चला, पळा."

"आणि हा?"

"हा कुठं पळून जातोय? तुम्ही बसा त्याच्याजवळ."

"नानासाहेब, तो मरेल."

"अहो, मांडीला लागलंय. मांडीला लागून कोणी मरतं का? मी डझनभर बघितलेत." आणि माणसांकडं वळून, आवाज न चढवता, "भैरू, चल."

मी भैरूच्या आडवा गेलो. "तुमचा पुतण्या आहे हा. तुम्ही चौघं ह्याला पार करा, मी पाचवा लागतो. डुक्कर गेलं खड्ड्यात."

भैरूनं माझ्याकडं बघितलं नाही. खालच्या मानेनं इतकंच म्हणाला, "साहेब, आमची गुरं धन्याच्या माळावर चरत्यात." आणि बाकीच्यांना घेऊन वर गेला. त्याचं मुंडासं जानूच्या मांडीला होतं, त्यामुळं त्याच्या बोडक्या डोक्यावरून पाऊस वाहत होता.

मी जानूजवळ बसलो. माझा कोट काढून त्याच्या अंगावर घातला. नानासाहेब एका झाडाखाली गेले आणि ओंजळीत धरून सिगारेट पेटवायचा प्रयत्न करू लागले.

तेवढ्यात जानू म्हणाला, "साहेब, पाट भिजली."

मी वरचा कोट बाजूला करून बघितलं. आजही ते डोळ्यांपुढून जात नाही. खालच्या कोटाच्या कडा दगडांमुळं उंच राहिल्या होत्या आणि मधे खोलगट झालं होतं. त्या खोलगटात पाऊस आणि रक्त साठलं होतं. कापडातून एक थेंब खाली जात नव्हता. जानूची पाठ, कुल्ले, ती फाटलेली मांडी, सगळं त्या कोमट, लाल पाण्यात बुडालं होतं. मी ज्या कापडाला विटेनं घासून, वजनं टांगून पारखलं होतं, ते माझ्यासमोर आपलं काम चोख करत होतं. त्या पाण्यावर रबराचा वास तरंगत होता. दोन जळवा तिथं पोचल्यासुद्धा होत्या.

मी कोटाची एक कड दाबून धरली, पाणी बाहेर सोडलं. पुन्हा साठलं. पुन्हा सोडलं. हातानं उपसू लागलो. ओंजळीत आलेलं ते गरम होतं.

"पोरीला सांगू नगा," जानू म्हणाला.

"काय नको सांगू?"

पण त्यानं डोळे मिटले होते.

डुक्कर आलं. बांबूला पाय बांधून, सहा माणसांच्या खांद्यावरून. आमच्या शेजारून गेलं, ओढ्यात उतरलं, त्या माणसांच्या कमरेपर्यंत पाणी आलं. नानासाहेब काठावरून ओरडून सांगत होते, सांभाळा, डोकं वर धरा, दात आपटतील. पलीकडं ते जीपमध्ये चढवलं. मग माणसं परत आली आणि जानूला उचललं. पाणी आता छातीला होतं. त्यांनी कोटाची टोकं डोक्याच्या वर धरून त्याला पार केलं. कोटाचा एक टाका तुटला नाही.

जीपमध्ये मागं डुक्कर पसरलं होतं. उरलेल्या जागेत जानूला आडवा केला. पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून ते डुकराच्या पोटावर ठेवले. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. नानासाहेब स्वतः चालवत होते. भैरू त्यांच्या शेजारी बसला होता.

अर्ध्या वाटेत मांडीवरचं डोकं जड झालं. माणसाचं डोकं मेल्यावर असं वेगळं जड होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. भैरूनं मागं वळून बघितलं आणि त्याला कळलं.

"धनी," तो म्हणाला, "थांबा."

नानासाहेबांनी गाडी थांबवली, मागं येऊन जानूच्या मानेला बोटं लावली. "च्, च्." टोपी काढली. मला वाटलं, आता काहीतरी माणसासारखं बोलतील.

"आता घाई नाही," ते म्हणाले. "आधी घरी जाऊ. डुक्कर उतरवू. पावसात मटण लवकर नासतं."

आणि तसंच झालं. आधी त्यांच्या अंगणात डुक्कर उतरलं. गावच्या पाटलाला तिथंच बोलावून पंचनामा झाला. तो संपेपर्यंत जानू जीपमध्येच होता. मग मी, भैरू आणि तोवर चालत येऊन पोचलेली बाकीची माणसं त्याला घेऊन धनगरवाड्यावर गेलो. नानासाहेबांनी निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "कोट तेवढा परत आणा. तो तुमच्या मालकांना जायचाय."

चार-पाच झापांची, गवतानं शाकारलेल्या खोपटांची वस्ती होती ती. जानूची बायको साऊ दारात उभी होती, कडेवर पोरगी. कोणी आधी धावत जाऊन सांगितलं असावं, कारण ती काही विचारत नव्हती. आम्ही त्याला ओसरीत ठेवला. बायका रडायला लागल्या. साऊ रडली नाही. तिनं पोरगी दुसऱ्या बाईकडं दिली, खाली बसली आणि कोटाच्या वळीत हात घातला. हात लाल होऊन बाहेर आला. ती त्या हाताकडं बघत राहिली.

"ह्ये कुनाचं?" तिनं कोटाला हात लावून विचारलं.

"नानासाहेबांचं," मी म्हणालो.

"काढा."

"राहू दे आत्ता, वहिनी. नंतर..."

"काढा म्हनते! ह्ये रगत बी पीत न्हाई. नुसतं धरून बसलंय."

माणसांनी जानूला उचललं. तिनं आतून घोंगडं आणून जमिनीवर टाकलं, आणि त्याला त्यावर निजवला. काळ्या लोकरीत ते सगळं हळूहळू जिरून गेलं. मग ती रडली.

कोट मी उचलला. घडी घालता येत नव्हती, आतलं पाणी सांडत होतं, मी तो उतारावर झटकला आणि काखेत मारून अंधार पडायच्या आत खाली आलो. तो तिथंच कुठंतरी फेकून का दिला नाही, हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित तो साऊच्या दारात राहू नये एवढंच मनात असेल.

नानासाहेबांच्या अंगणात चुली पेटल्या होत्या. चरबीचा वास रस्त्यापर्यंत येत होता. त्यांनी माझ्या हातून कोट घेतला, गड्याला साबण आणायला सांगितला आणि स्वतः पायरीवर बसून तो धुवायला घेतला. अगदी मन लावून, शिवणी बोटांनी उलगडत.

"या, इकडं या," त्यांनी मला हाक मारली. "ही काखेची शिवण बघा. हा घेर. माणूस वाहून आणला, कमी का वजन होतं? आणि भिजलेला. एक टाका नाही उसवला. पट्टीसुद्धा सुटली नाही. सबनिसांना सांगा, राजगोळकरांनी टोपी काढली म्हणून."

"नानासाहेब, तुम्ही डुक्कर आधी नेलंत."

ते हात थांबवून माझ्याकडं बघू लागले. रागावले नाहीत. उलट त्यांच्या नजरेत माझ्याविषयी कीव होती.

"तुम्ही लहान आहात अजून," ते म्हणाले. "त्याच्या घरी धान्य पाठवतोय मी. वर्षभर पाठवीन. माझ्या रानात गेलेल्या माणसाचं घर मी कधी उघडं टाकलेलं नाही, विचारा कोणालाही. आणि वाटा पण जाईल त्यांना."

"कसला वाटा?"

"डुकराचा. हाक्यात रान उठवणाऱ्या प्रत्येकाला वाटा असतो. जानूचा आहे ना."

त्या रात्री मी जेवलो नाही. खोलीचं दार लावून घेतलं, तरी तो वास फटीतून येत राहिला. पहाटेच्या एस.टी.नं मी निघालो. नानासाहेब मला सोडायला आले होते. धुतलेला, वाळवलेला, नीट घडी घातलेला कोट त्यांनी माझ्या हातात दिला.

मुंबईला पोचलो तो सरळ कारखान्यात गेलो. मालक एकटेच होते. मी कोट त्यांच्या टेबलावर ठेवला. मला वाटलं होतं, दुसरं कोणी नाही तरी ह्या माणसाला कळेल. मी त्यांना सगळं सांगितलं. ओढा, डुक्कर, तो खोलगट, ते पाणी, साऊ. मालकांनी माझ्यापुढं पाण्याचा पेला सरकवला. त्यांचे डोळे ओले झाले होते, खोटं सांगत नाही.

मग त्यांनी कोट उलटा केला. चष्मा कपाळावर चढवून काखेची शिवण उजेडाला धरली.

"अंगानं कसा होता रे तो?"

"कोण?"

"तो धनगर. वजनानं."

मी पाण्याचा पेला परत टेबलावर ठेवला.

"हडकुळा म्हणालास. तरी भिजलेला माणूस म्हणजे..." त्यांनी मनाशी काहीतरी जुळवलं. शिवणीवर अंगठा घासला. "छातीभर पाण्यातून नेला, आणि पट्टी सुटली नाही! मुकुंदा, हे आपण कारखान्यात दहा वर्षं घासत बसलो असतो तरी सिद्ध झालं नसतं." मग माझा चेहरा बघून घाईनं म्हणाले, "नाव नाही घालायचं त्याचं. 'एक जखमी माणूस' एवढंच. चार ओळींची जाहिरात. लोकांना खरं काय ते कळलं पाहिजे."

"मालक, तो मेला."

"ते नाही लिहायचं." त्यांना खरंच वाईट वाटत होतं. ते खुर्चीतून उठून माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला. "घरी कोण आहे त्याच्या?"

"बायको. आणि मुलगी आहे, दोन वर्षांची."

"अरेरे!" त्यांनी डोळे पुसले. "आपण आपल्याकडून एक कोट पाठवू त्यांना. पोरीच्या मापाचा शिवायला सांगतो. रंग जरा उजळ घेऊ."

मी मोरीकडं धावलो. पोटात काही नव्हतंच, तरी कितीतरी वेळ ओकत राहिलो. मालक मागून आले, माझ्या पाठीवरून हात फिरवू लागले. तो हात मऊ होता, मायेचा होता, आणि तो अंगावरून झटकून टाकावा असं मला होत होतं.

"रानातलं पाणी बाधलं तुला," ते म्हणाले. "दोन दिवस घरी पड. वहिनींना पेज पाठवायला सांगतो."

पेज आली. मी ती घेतली नाही. कारखान्यातही परत गेलो नाही. पुढं एका शाळेत लागलो, आणि तिथंच निवृत्त झालो. मालकांनी दोनदा माणूस पाठवला, मग पाठवायचे थांबले. माझं काय बिनसलं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, असं वहिनी नंतर कोणाकोणाला सांगत असत.

कोट पुढच्या पावसाळ्याआधी बाजारात आला आणि चांगला खपला. जाहिरात मी एका न्हाव्याच्या दुकानात, नंबर लागेपर्यंत चाळायला घेतलेल्या मासिकात बघितली. चार ओळींचीच होती. सह्याद्रीच्या रानात, भर पावसात, डुकरानं जखमी केलेला एक माणूस चौघांनी ह्या कोटात घालून पुराच्या ओढ्यातून पार नेला. एक टाका उसवला नाही, एक थेंब पाझरला नाही. मी ती पुन्हा वाचली. तिच्यात एक अक्षर खोटं नव्हतं.